बाहेरच्यांच्या बारा खुर्च्या

नोर्बेर्ता पानिसालेस हे नाव फक्त हजेरीपुस्तकात होतं. बाकी सगळ्यांची ती मानांग बेर्ता. आमच्या इलोइलोत, फिलिपिन्समधल्या या बंदराच्या शहरात, थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात, आणि बेर्ता बावन्न वर्षांची, बिनलग्नाची, सव्वीस वर्षं एकाच टेबलामागे बसलेली बाई. तिला दुसरं काही म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

ते टेबल शहराच्या मोलो भागातल्या एका दर्यावर्दी कॉलेजच्या लायब्ररीत होतं, दुसऱ्या मजल्यावर. जहाजांच्या इंजिनांची पुस्तकं, म्हाताऱ्या कप्तानांनी देऊन टाकलेले नकाशे, मोडीत निघालेल्या बोटींची मॅन्युअलं, जुन्या परीक्षांच्या प्रश्नांचे बांधीव गठ्ठे. कादंबरी म्हणाल तर औषधालाही नाही. खुर्च्या चौसष्ट. पांढऱ्या कपड्यांतले कॅडेट नऊशे. वर शिक्षक. आणि त्यांच्याही वर, म्हणजे खरं तर सगळ्यांच्या खाली, बाहेरचे.

बाहेरचे म्हणजे बोटीवरून सुट्टीला आलेले ऑयलर, फिटर, वायपर. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं इंजिनखोलीत तेलात हात बुडवलेली माणसं. आता चौथा इंजिनियर व्हावं, खांद्यावर एक पट्टी यावी म्हणून परीक्षेला बसणारी. त्यांच्यासाठी खिडकीजवळच्या बारा खुर्च्या होत्या. त्या बेर्तानेच पंधरा वर्षांपूर्वी लायब्ररीच्या कमिटीशी भांडून मिळवल्या होत्या. खलाशाचं पुस्तक, म्हणजे त्याचं ओळखपत्र, टेबलावर ठेवायचं, पास घ्यायचा, उठेपर्यंत बसायचं. कोण कुठे बसलंय ते बेर्ता पेन्सिलीने एका कागदावर मांडायची. एकदा डीनसाहेबांचा पुतण्या बाहेरच्यांच्या खुर्चीत पाय पसरून बसला, तर तिने त्याला सगळ्यांदेखत उठवलं. "इथे तुझ्या काकांची नाही, माझी बोट चालते," म्हणाली. तिची वाटणी कधी चुकत नाही, असं कॅडेटही म्हणत आणि बाहेरचेही.

एलिसेओ गुमबान पहिल्यांदा आला तेव्हा दारातच अडला होता. त्रेचाळीस वर्षांचा, रुंद मनगटांचा माणूस, पण आतल्या इस्त्रीच्या कपड्यांकडे बघून पायातल्या चपला लपवत उभा.

"आत ये ना, तोतो. दार बघायला आलास का?" बेर्ता म्हणाली, धाकट्या भावाला हाक मारावी तशी.

"मानांग, इथे आम्हाला चालतं?"

"नऊ नंबरची खुर्ची तुझी. पंख्याखाली आहे, झोपू नकोस."

तो झोपला नाही, पण दोनदा नापास झाला. दोन्ही वेळा विजेच्या पेपरात. बायको चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तो ब्राझीलच्या किनाऱ्यावर होता. निरोप पोचेपर्यंत पुरणंही उरकलं होतं. मुलगी जवळच्या पाव्हिया गावात आजीकडे. त्याला ही परीक्षा पास होणं, एवढंच करायचं राहिलं होतं. दोन परीक्षांच्या मध्ये एक लहानसं कॉन्ट्रॅक्ट करून आला आणि पुन्हा नऊ नंबरला येऊन बसला.

बेर्ता बोटीवर कधी गेली नव्हती. समोरच्या गिमारास बेटाच्या पलीकडे तिने समुद्र ओलांडला नव्हता. पण कोणता पंप कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे ते तिला डोळे मिटून सांगता यायचं. एलिसेओसाठी तिने पानापानांत कागदाच्या पट्ट्या घातल्या. इंग्रजी अडलं की ती टेबल सोडून त्याच्याजवळ जायची आणि आपल्या भाषेत समजावायची. तिला शब्द समजायचा. यंत्र समजत होतं असं नाही. पण तो मान डोलवायचा. आईने गुंडाळलेले इबोस आणायचा, पानातले ते चिकट भाताचे लांबट मुटके, आणि म्हणायचा, "मानांग, तुम्ही नसता तर मी पहिल्याच दिवशी दारातून परत गेलो असतो." हे वाक्य बेर्ता घरी नेत असे. भात शिजेपर्यंत ते तिला पुरायचं.

ऑगस्टमध्ये लीझेल सोब्रेवेगा आली.

एकतीस वर्षांची, तेलवाहू बोटींवर तिसरी इंजिनियर म्हणून राहिलेली, पाठ दुखावल्यामुळे किनाऱ्यावर शिकवायला लागलेली. नवरा अजून बोटीवर, चार वर्षांचा मुलगा पोतोतान गावी घरी, आणि ती रोज तिथूनच व्हॅनने ये-जा करायची. कॅडेट तिला मॅम म्हणत आणि जिन्यात वाट सोडून उभे राहत. ती लायब्ररीत पहिल्यांदा आली ती स्वतःसाठी पुस्तक शोधायला. नऊ नंबरवर एलिसेओ दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

"काय अडलंय, मानोंग?" तिने विचारलं. वयाने मोठा म्हणून तिने त्याला मानोंग म्हटलं, सहज, जशी शेजारीण म्हणेल.

"दोन जनरेटर एकत्र जोडायचे. मॅम, हे मी बोटीवर शंभरदा बघितलंय. पण नवीन मशीन थोडं जोरात का फिरवायचं, ते लिहिता येत नाही."

"रस्त्यावर धावत्या जीपनीत, मागच्या उघड्या दारातून चढताना काय करता?"

"पळतो."

"कुठल्या दिशेला?"

"जीपनीच्याच की. उलट पळलो तर तोंडावर पडेन."

"आणि किती जोरात?"

"तिच्याएवढंच. नाही, थोडं जास्त." एलिसेओ थांबला. "थोडं जास्त! नाहीतर तीच मला ओढत नेईल."

"झालं. जीपनी म्हणजे चालू मशीन, तुम्ही म्हणजे नवीन मशीन. आता लिहा."

आणि एलिसेओ हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. बेर्ताच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. सव्वादोन वर्षांत तिने त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. तिच्याशी तो हसायचा ते तोंड मिटून, चर्चमध्ये हसावं तसं.

"शांतता," ती टेबलावरून म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

मग रोज दुपारी लीझेल यायची. तासिका संपली की अडीचला. हळूहळू बाराच्या बारा बाहेरचे खुर्च्या सरकवून तिच्याभोवती बसू लागले. त्यात सिमो होता, गिमारासचा फिटर, अठ्ठेचाळीस वर्षांचा, जिभेला हाड नसलेला. "मॅम, तुम्ही आधी भेटला असता तर मी आज कप्तान असतो," तो म्हणायचा, आणि लीझेल म्हणायची, "मानोंग सिमो, आधी बॉयलर तरी नीट पेटवा." हशा उसळायचा. कॅडेट माना वर करून बघायचे.

बेर्ता आपल्या टेबलामागून सगळं बघत असे. लीझेल एलिसेओच्या वहीवर वाकली की तिचे केस कुठवर येतात ते तिला पाठ झालं. ती नऊ नंबरजवळ किती मिनिटं थांबते आणि इतरांजवळ किती, तेही. लीझेलला नवरा आहे, लेकरू आहे, तिच्या मनात काही नाही, हे बेर्ताला माहीत होतं. त्याने काही फरक पडत नव्हता. मत्सर असले दाखले बघत नाही. आणि एलिसेओबद्दल तिला स्वतःला नेमकं काय वाटतं हे तिने कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी, ज्याला आपण तोतो म्हणतो त्याच्याबद्दल, काय विचारायचं?

एका दुपारी नऊ नंबरवर तिने घातलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग दिसला. नीट, एकावर एक रचलेला.

"हे काय?" तिने विचारलं.

"मानांग, टाकल्या नाहीत मी, तुम्हाला परत द्यायला ठेवल्यात," एलिसेओ घाईने म्हणाला. "मॅम म्हणाल्या, हे प्रश्न आता विचारतच नाहीत. सहा वर्षं झाली, परीक्षा बदलली. दोन्ही वेळा मी जुनंच पाठ करून गेलो होतो."

त्याच्या बोलण्यात दोष नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं. बेर्ताने पट्ट्या उचलल्या आणि मुठीत धरून टेबलाशी आली. आपल्यामुळे हा दोनदा नापास झाला. हे खरं होतं की नाही कोण जाणे, पण त्या पोरीला ते दहा दिवसांत कळलं होतं. त्या रागाला तोंड हवं होतं, आणि ते मिळायला वेळ लागला नाही.

त्याच आठवड्यात दोन कॅडेट कुरकुरत आले. "मानांग, खिडकीकडे फार गोंधळ असतो. बाहेरच्यांचा बाजार भरतो."

अशा तक्रारी बेर्ताने आजवर कानामागे टाकल्या होत्या. या वेळी तिने कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून दे, बाळा. नाव घाल, सही कर."

मग तिने कमिटीसाठी प्रस्ताव लिहिला. कॅडेटांच्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये म्हणून बाहेरच्या वाचकांनी फक्त संध्याकाळी पाच ते सात यावं. गटाने बसू नये. शिक्षकांनी लायब्ररीत शिकवू नये. भाषा अगदी धुतल्या तांदळासारखी. पाचच का, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. लीझेलची पोतोतानची व्हॅन साडेचारला सुटायची.

कमिटीच्या वतीने डीन कॅप्टन हालबुएना यांनी कागद वाचून मान डोलावली. "तू म्हणतेस म्हणजे विचार करूनच म्हणत असशील, मानांग. तुझ्याइतका तोलून विचार इथे कोण करतं?" दुसऱ्या दिवशी नियम छापून दारावर लागला.

सिमोने तो मोठ्याने वाचला. "पाच ते सात! आणि माझी शेवटची होडी काय बिशपच्या मोटारीसारखी माझ्यासाठी थांबणार आहे?"

"नियम आहे, सिमो," बेर्ता म्हणाली.

"नियमाला काय, त्याला घरी जायचं नसतं."

पहिल्या संध्याकाळी बारापैकी पाच आले. आठवड्याने तीन. गिमारासचे, मियागावचे, शेतावरच्या कामाला हात लावून येणारे, सगळे गळले. खिडकीजवळच्या खुर्च्या दिवसा रिकाम्या राहायच्या. कॅडेट त्यांवर पिशव्या ठेवायचे. पण एलिसेओ येत होता, आणि बेर्ता मनात म्हणायची, एवढंच हवं होतं. आता पुन्हा पहिल्यासारखं. ती त्याच्याजवळ जायची, "काही अडलं का, तोतो?"

एकदा त्याने विचारलं. तिने पुस्तक आणलं, पान काढलं, वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला. मग बराच वेळ त्या पानाकडेच बघत बसला. "बरं, मानांग. थँक यू." त्याने पुन्हा काही विचारलं नाही. पुढच्या सोमवारपासून आलाच नाही.

दहा दिवस नऊ नंबर रिकामा. बेर्ता पेन्सिलीने त्या चौकोनावर रेघ मारायची आणि खोडायची. आजारी असेल. बोटीवर गेला असेल, न सांगता. की तिच्याकडे? पोतोतानला? हा विचार एकदा शिरला आणि जेवणाच्या ताटापर्यंत तिच्याबरोबर येऊ लागला.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती मोलोच्या बाजारात मासळी घ्यायला गेली. बाजारामागे बाचोयचं, म्हणजे शेवयांच्या रश्श्याचं, एक हॉटेल आहे, चार बाकं आणि मोठं पातेलं. तिथल्या मागच्या बाकावर तिला पहिल्यांदा लीझेलचे केस दिसले. मग एलिसेओ. मग सिमो आणि आणखी सहाजण. शेवयांच्या वाडग्यांमध्ये कागद पसरलेले, एक कागद रस्सा सांडून पारदर्शक झालेला. लीझेल एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताने आकृती काढत होती. तिची जेवणाची सुट्टी पाऊण तासाची, हे बेर्ताला माहीत होतं.

ती मागे फिरणार तोच सिमो ओरडला, "मानांग बेर्ता! या, या! इथे पास लागत नाही!"

एलिसेओ उठून उभा राहिला. बाक पुसलं. तिला बसवलं आणि हॉटेलवालीला सांगितलं, "एक वाडगा मानांगला, वर अंडं घाल." मग लीझेलकडे वळून म्हणाला, "मॅम, तुम्हाला सांगितलं नव्हतं का मी? त्या बारा खुर्च्या यांनी मिळवल्यात. या वेळीही भांडल्या असणार. नाहीतर त्यांनी आम्हाला पाच ते सातसुद्धा दिलं नसतं, सरळ बाहेर काढलं असतं."

"खरंच?" लीझेल म्हणाली. "मानांग, मला वाटलं होतं तुम्हाला माझा राग आलाय, माझ्यामुळे गोंधळ होतो म्हणून. मी सॉरी म्हणायला येणार होते. कमिटीत कोण होतं एवढं आमच्यावर उठलेलं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. बेर्ताच्या पिशवीतून मासळीचं पाणी तिच्या बुटावर ठिबकत होतं.

"होतं कुणीतरी," ती म्हणाली.

वाडगा आला. तिने तो संपवला, कारण न संपवता उठता येईना. चवीचा पत्ता नव्हता. लीझेलने घड्याळ बघितलं, अर्धं जेवण तसंच सोडलं आणि तासाला पळाली. एलिसेओ तिच्या पाठीकडे बघत होता. बेर्ता त्याच्याकडे बघत होती. शरमेने मान खाली गेली होती, आणि तरीही ते बघणं तिला खुपलं, याचीच तिला जास्त शरम वाटली.

बाजारातून ती थेट डीनच्या खोलीत गेली.

"कॅप्टन, तो नियम रद्द करा."

"का? तूच लिहिलास ना?"

"चुकीचा लिहिला."

"कॅडेटांची तक्रार होती. तुझ्या कागदात तीन कारणं होती. तिन्ही पटण्यासारखी."

"कारणं बरोबर होती," बेर्ता म्हणाली. "माणूस चुकीचा होता."

डीनना काही कळलं नाही. ते म्हणाले, नियम छापलाय, तपासणीच्या फायलीत गेलाय, आता सत्र संपेपर्यंत हलणार नाही. सत्र डिसेंबरात संपणार होतं आणि परीक्षा नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

"मग शनिवारी," ती म्हणाली. "शनिवारी बंद असते लायब्ररी. नियम उघड्या दिवसांसाठी आहे. मी येऊन उघडीन. बाहेरच्यांसाठी, सकाळी आठ ते चार, बोलण्याची परवानगी."

"सुट्टीचे दिवस आहेत तुझे."

"मला कुठे जायचंय?"

असे परीक्षेपर्यंत उरलेले पाच शनिवार झाले. लीझेल मुलाला घेऊन यायची. तो नकाशांच्या कपाटाखाली गाड्या फिरवायचा. गिमारासचे पहिल्या होडीने यायचे. चौसष्ट खुर्च्यांपैकी हवी ती घ्या, हवं तेवढं बोला. बेर्ताने स्वतःच्या डोळ्यांनी सगळं बघितलं: एलिसेओचं हसणं, वहीवर वाकणारे केस, "बरोबर, मानोंग!" म्हणताना लीझेलने त्याच्या खांद्यावर मारलेली थाप. उठून जिन्यात उभं राहावं असं तिला दर शनिवारी दोन-चारदा वाटलं. ती उठायची, नवी प्रश्नावली आणून त्यांच्या टेबलावर ठेवायची, परत येऊन बसायची. नवी पुस्तकं मागवण्यासाठी लीझेलला यादी करायला तिनेच सांगितलं. यादीतली दोन नावं तिने मुद्दाम चुकीची टिपली, आणि मग घरी गेल्यावर चैन पडेना म्हणून सोमवारी दुरुस्त केली.

नोव्हेंबरात निकाल आला. एलिसेओ पास. विजेच्या पेपरात सगळ्यांत जास्त. बाराजणांतले चार पास झाले. सिमो नापास, थोडक्यात.

एलिसेओ बटरस्कॉचचे दोन खोके घेऊन आला, एक बेर्ताला, एक लीझेलला. दोन्ही सारखेच होते. बेर्ताने नजरेने मापून घेतलं.

"मानांग, तुम्ही त्या वेळी आमच्यासाठी भांडला नसता तर..."

आत्ता सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. त्याचा चेहरा नुकत्याच धुतलेल्या काचेसारखा होता. "नीट जा," ती म्हणाली. "इंजिनखोलीत कानाला बांधत जा." डिसेंबरात तो मालवाहू बोटीवर चौथा इंजिनियर म्हणून चढला.

त्यानंतरच्या शनिवारी लीझेल त्याच टेबलाशी बसून दुसऱ्या आठजणांना शिकवत होती. त्यांनाही जीपनीची गोष्ट सांगत होती, तेही हसत होते, ती त्यांच्याही वह्यांवर वाकत होती. बेर्ताला काहीच टोचलं नाही. अगदी काही नाही. तेव्हा तिला स्वतःबद्दल जे कळायचं होतं ते कळलं. पट्ट्यांचा प्रश्न नव्हता, परीक्षेचाही नव्हता. ते कुणाला सांगण्याजोगं नव्हतं, आणि आता सांगून उपयोगही नव्हता.

पण एक गोष्ट सांगण्याजोगी होती. ती ज्याला सांगायची तो चार वाजता पुस्तकं आवरत होता.

"सिमो," ती म्हणाली, "तो पाच ते सातचा नियम कमिटीचा नव्हता. माझा होता."

सिमो हसला. "मानांग, जोक मारायचं काम माझं."

"खरं सांगते. मी लिहिला. मॅम लीझेलना तुमच्यात बसू द्यायचं नव्हतं म्हणून."

त्याने पुस्तक खाली ठेवलं. त्याला आणखी काही विचारता आलं असतं; त्याने विचारलं नाही. बहुधा त्याला उरलेलंही दिसलं.

"सहा आठवडे गेले माझे," तो म्हणाला. "दोन मार्कांनी पडलो मी. माझ्या बायकोने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं."

"माहीत आहे."

"तुम्हाला काय माहीत आहे?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरला.

जानेवारीत बेर्ताने स्वतःच्या हाताने दुसरा प्रस्ताव लिहिला आणि नियम काढून टाकला. बाहेरच्यांच्या खुर्च्या सोळा झाल्या, गटासाठी मागची वेगळी खोली मिळाली, आणि शनिवार कायमचा झाला. कमिटीने तिचं कौतुक केलं. ते तिने खाली मान घालून ऐकलं. त्याच महिन्यात सिमोला बोटीचं बोलावणं आलं आणि तो पुन्हा फिटर म्हणूनच गेला. जाताना भेटायला आला नाही, लीझेलकडून कळलं.

तो परत आला तो पुढच्या नोव्हेंबरात. वाळला होता, डाव्या हाताचं एक बोट आखडलं होतं. टेबलाशी येऊन त्याने खलाशाचं पुस्तक ठेवलं. बेर्ताने पास लिहिला. तारीख राहिली होती.

"कधीपर्यंतचा करू?"

"एप्रिलपर्यंत करा. परीक्षा एप्रिलात आहे." तो आत बघत होता. "शनिवारी मॅम असतात ना अजून?"

"असतात. सकाळी नऊलाच येतात."

"मग मी पहिल्या होडीने येईन," सिमो म्हणाला आणि मागच्या खोलीकडे गेला. बॉयलरचं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते त्याने विचारलं नाही. बेर्ता उठली, काढून आणलं, आणि त्याच्यासमोर ठेवून परत आली.